आठवड्याला एक टन ऊस

उजनी धरणाच्या काठावर मोठ्या खर्चाचा हिशेब उसाच्या टनात होतो. पोरीची कॉलेजची फी इतके टन, ट्रॅक्टरचा हप्ता इतके टन. मग वजन उतरवणाऱ्या सुईचाही हिशेब त्याच मापाने करू. 2025-26 च्या गाळप हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये होती, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा व्हायची असते. मार्च 2025 मध्ये एलाय लिली कंपनीने ‘मौंजारो’ हे इंजेक्शन भारतात आणलं, तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या सगळ्यात लहान कुपीची किंमत होती 3,500 रुपये. ही कुपी आठवड्याला एक लागते. वर्षाच्या बावन्न आठवड्यांचे बावन्न टन, म्हणजे चांगल्या रानातला एकरभर ऊस.

हे औषध मुळात मधुमेहाचं. त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाचं, सेमाग्लुटाइडचं, भारतातलं पेटंट मार्च 2026 मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. आता भाव टनावरून क्विंटलांवर येणार. म्हणूनच ज्यांना शुगर नाही, फक्त वजन आहे, त्यांनी हे औषध घ्यावं का, हा प्रश्न पुण्या-मुंबईपुरता राहत नाही. कंदर, वांगी, कुगाव, चिखलठाण, टेंभुर्णी या गावांत केळीचा आणि उसाचा पैसा आहे, अंगावर वाढलेलं वजन आहे, आणि तालुक्याच्या गावात औषधाची दुकानं आहेत. तो प्रश्न इथेही विचारला जाणार.

सुईकडे वळण्याआधी गोळीबद्दल बोलायला हवं, कारण खेड्यात पहिला धोका गोळीचा आहे. सुई महाग आहे, गोळी घरातच असते. आईची, चुलत्याची, शेजारच्या काकूंची. ‘शुगरची गोळी घेतली की माणूस वाळतो’ असं बोललं जातं, कारण शुगर झालेला माणूस वाळताना लोकांनी पाहिलेला असतो. प्रत्यक्षात तो वाळतो आजाराने. साखर लघवीवाटे वाया जाते आणि शरीर स्वतःचंच मांस-चरबी जाळू लागतं. गोळीचा त्यात हात नसतो.

शिवाय ‘शुगरची गोळी’ असं एकच काही नसतं. आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या गोळ्यांपैकी एक म्हणजे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची जोडगोळी. यातलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतं. रक्तात साखर जास्त आहे की नाही, याची ते वाट बघत नाही. ज्याला मधुमेह नाही अशा माणसाने ही गोळी घेतली तर साखर एकदम खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातापायांना कापरं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि वेळीच काही खाल्लं नाही तर शुद्ध हरपणं. काठावरचा शेतकरी रात्रीच्या लाईटीला मोटार चालू करायला एकटा पाण्यापर्यंत उतरतो. तिथे भोवळ आली तर काय होईल, हे सांगायची गरज नाही. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा ते वजन? ग्लिमेपिराइडने ते कमी होत नाही, उलट थोडं वाढतं.

उपासाने हा धोका आणखी वाढतो. उजनीतून सुटलेलं पाणी चंद्रभागेत जातं. काठावरच्या कितीतरी घरांत माळ आहे, आणि महिन्याच्या दोन्ही एकादशा पाळल्या जातात. दुसरीकडे दिवसातून दोनदाच जेवायची पद्धतही महाराष्ट्रात गावोगाव पोहोचली आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून निघालेला हा विचार लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर नेला, आणि 2018 मध्ये राज्य सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत म्हणून त्यांनाच नेमलं. दीक्षित स्वतः आधी उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि एचबीए1सी, म्हणजे साखरेची सरासरी, तपासायला सांगतात. पण ऐकलेल्यातलं ‘दोनदा जेवा’ एवढंच डोक्यात राहिलं आणि त्यावर कुणाची तरी गोळी चढवली, तर उपाशी पोटात ग्लिमेपिराइड, असं ते भलतंच मिश्रण होतं.

नुसत्या मेटफॉर्मिनची गोष्ट वेगळी. हे जुनं आणि विश्वासाचं औषध आहे. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रानवनस्पतीच्या अभ्यासातून त्याचं मूळ निघालं, 1922 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झालं, आणि 1957 मध्ये फ्रान्सच्या झाँ स्टेर्न यांनी ते मधुमेहावर वापरून दाखवलं. मधुमेह नसलेल्यांनाही ते दिलं जातं. साखर सीमेवर आलेल्यांना देतात, पीसीओडी असलेल्या मुलींना देतात, आणि त्यामागे डॉक्टरांचा विचार असतो. पण वजन उतरवण्याचं औषध म्हणून ते फार तोकडं आहे. अमेरिकेतल्या 3,234 जणांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. त्यात मेटफॉर्मिनने सरासरी 2.1 किलो कमी झाले, आणि खाणं-चालणं बदललेल्या गटाचे 5.6 किलो. मधुमेह टाळण्यातही तोच गट पुढे होता: तिथे धोका 58 टक्क्यांनी घटला, गोळीने 31 टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी 531 भारतीयांवर केलेल्या अभ्यासात दोन्ही उपाय जवळजवळ सारखे ठरले, 28.5 आणि 26.4 टक्के, आणि दोन्ही एकत्र करूनही जास्तीचं काही हाती लागलं नाही.

आपल्या भागासाठी एक गोष्ट अधोरेखित करावीशी वाटते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की बी12 हे जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व मिळतं मांस, मासे, अंडी आणि थोडंफार दूध यांतून. माळकरी घरातल्या बाईच्या अंगात ते आधीच कमी असण्याची शक्यता मोठी. वजनासाठी गोळी घेता घेता तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, की त्या ‘अशक्तपणा’च्या नावावर जमा होतात आणि कारण तसंच राहतं.

डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात. वजन दोनतीन किलोंनी उतरतं, त्यातलं काही नुसतं पाणी असतं. हृदय अशक्त झालेल्यांना आणि मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना या गोळ्या मधुमेह नसतानाही देतात, आणि त्या खरोखर उपयोगी आहेत. नुसत्या वजनासाठी घेतल्या तर गुप्तांगाचा बुरशीचा संसर्ग आणि अंगातलं पाणी कमी होणं हे पदरात पडतं. कडक उपासात रक्तात आम्ल वाढण्याचाही धोका असतो.

आता सुई. तिच्याबद्दल उगाच भीती घालायची नाही, कारण या औषधांनी जे करून दाखवलंय ते आजवर कुठल्याच औषधाला जमलं नव्हतं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला जागं करतं, पोट सावकाश रिकामं होऊ देतं आणि मेंदूला ‘पुरे’ असं सांगतं. पण रक्तात ते दोनचार मिनिटंच टिकतं. अमेरिकेच्या वाळवंटात हीला नावाचा विषारी, जाडजूड सरडा असतो. त्याच्या विषात याच कामाचा पण जास्त टिकणारा पदार्थ 1992 च्या सुमारास डॉ. जॉन एंग यांना सापडला, आणि त्यावरून बेतलेलं पहिलं औषध 2005 मध्ये बाजारात आलं. पुढे आठवडाभर टिकणारं सेमाग्लुटाइड तयार झालं. मौंजारोतलं टिर्झेपाटाइड अशा दोन संप्रेरकांचं काम एकटं करतं.

मधुमेह नसलेल्या 1,961 लठ्ठ किंवा जास्त वजनाच्या माणसांवर सेमाग्लुटाइडची चाचणी झाली. 2021 मध्ये छापलेल्या त्या निकालात 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं होतं, औषध नसलेली सुई घेतलेल्यांचं 2.4 टक्के. पुढच्या वर्षी टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने 20.9 टक्क्यांपर्यंत मजल मारली. नव्वद किलोचा माणूस एकाहत्तरवर. माझ्या मते याहून मोलाची चाचणी 2023 ची आहे. हृदयविकार असलेल्या, वजन जास्त असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या 17,604 जणांत सेमाग्लुटाइडने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचा मृत्यू यांचा एकत्रित धोका 20 टक्क्यांनी कमी केला. म्हणजे ‘शुगर नाही, मग हे औषध कशाला’ असं सरसकट म्हणता येत नाही. स्टेंट बसलेल्या, पंच्याण्णव किलोच्या, शुगर नसलेल्या माणसाला ही सुई आयुष्य देऊ शकते. डिसेंबर 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही लठ्ठपणासाठी या औषधांची अटींसह शिफारस केली, आणि सोबत आहार-व्यायामाची जोड देण्याचं सुचवलं.

दुसरी बाजूही याच चाचण्यांत आहे. 2021 च्या अभ्यासात शंभरातल्या 44 जणांना मळमळ झाली आणि 25 जणांना उलट्या. सुई थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. तेव्हा हे औषध लग्नसराईपुरतं घ्यायचं नसतंच. रक्तदाबाच्या गोळीसारखं ते वर्षानुवर्षं चालवावं लागतं, आणि सुरुवातीला मांडलेला एकरभर उसाचा हिशेब म्हणूनच केला.

पण माझी खरी हरकत पैशाची नाही, शरीराची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. काट्याच्या हिशेबाने दोघेही सडपातळ. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोंची. आपली बाळं हाडकुळी दिसतात, पण कमी पडलेलं असतं ते मांस. चरबी त्यांनी जपून ठेवलेली असते. ही खेडी आणि उजनीकाठ एकाच भीमेच्या खोऱ्यातले. ज्वारी-बाजरीचा, दुष्काळाचा, पोटाला चिमटा घेण्याचा इतिहास दोन्हीकडे सारखा.

आपल्याकडच्या माणसाचा घोटाळा असा, की अंगात मांस मुळात कमी आणि पोटावर चरबी जास्त. पासष्ट किलोच्या माणसालाही शुगर होते ती यामुळे. आणि सुईने जे वजन उतरतं त्यातला साधारण चौथा हिस्सा ते दोन पंचमांश चरबीचा नसतो, मांसाचा आणि इतर ऊतींचा असतो. भरल्या अंगाच्या अमेरिकन माणसाला ही तूट परवडेल. बहात्तर किलोच्या, पोट सुटलेल्या पण दंडा-मांड्यांत दम नसलेल्या आपल्या माणसाला ती परवडत नाही. सुई थांबली की परत येते ती मुख्यतः चरबी. वर्षाच्या शेवटी काटा तिथेच, आणि मांस आधीपेक्षा कमी. थोडंसंच वजन जास्त असलेल्या, बाकी धडधाकट माणसाने ही औषधं घेऊ नयेत असं मी ठामपणे म्हणतो, ते याच कारणाने.

हे पोट सुटलं कसं, हे काठावरच्या जुन्या माणसांना पाठ आहे. 1980 च्या सुमारास धरण पुरं झालं. गावं उठली, पलसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, आणि कोरड्या रानांत पाणी आलं. ज्या करमाळा-माढ्याची ओळख दुष्काळी तालुके अशी होती तिथे ऊस उभा राहिला, मग केळी. मोटेच्या जागी मोटार आली, बैलाच्या जागी ट्रॅक्टर, पाटाच्या पाण्यावर रात्र काढण्याच्या जागी ठिबक. भाकरीबरोबर चपाती आली, आणि दिवसातून चारपाच वेळा गोड चहा. त्याच शिवारात बीडकडून आलेली ऊसतोड जोडपी पहाटेपासून कोयता चालवतात आणि मोळ्या डोक्यावर वाहतात. त्यांना वजन कमी करायचं औषध लागत नाही, दोन वेळचं पुरेसं जेवण लागतं. बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळी शरीरं आहेत, म्हणून ‘गावात लठ्ठपणा वाढलाय’ असं एका वाक्यात सांगितलं की निम्मं गाव त्यातून सुटतं.

मधुमेहाचं औषध वजनासाठी वापरण्याचा प्रयोग याआधी एकदा एका अख्ख्या देशाने करून पाहिलाय. फ्रान्समध्ये सर्व्हिए कंपनीचं ‘मेडिएटर’ हे औषध 1976 पासून मधुमेहींसाठी म्हणून विकलं जात होतं. त्याने भूक मरते हे डॉक्टरांच्या आणि लोकांच्या लक्षात आलं, आणि ते वजन उतरवण्यासाठी लिहून दिलं जाऊ लागलं. तेहतीस वर्षांत सुमारे पन्नास लाख लोकांनी ते घेतलं. ब्रेस्ट शहरातल्या फुप्फुसतज्ज्ञ डॉ. इरेन फ्राशों यांना आपल्या रुग्णांच्या हृदयाच्या झडपा खराब झालेल्या दिसल्या आणि त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. 2009 मध्ये औषध बाजारातून काढलं गेलं. मृत्यूंचे अंदाज शेकड्यांपासून दोन हजारांपर्यंत जातात. मार्च 2021 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला फसवणूक आणि मनुष्यहानीबद्दल दोषी धरून 27 लाख युरोंचा दंड केला. सेमाग्लुटाइड म्हणजे मेडिएटर नव्हे. त्याची तपासणी कितीतरी पटींनी कसून झाली आहे आणि हृदयाला ते फायद्याचंच दिसतं. मेडिएटरमधून घ्यायचं ते इतकंच, की निरोगी माणूस औषध घेतो तेव्हा त्याच्या त्रासाकडे कुणाचं लक्ष नसतं. तो रुग्ण नसतो, त्याचा केसपेपर नसतो, पुढच्या महिन्यात त्याला कुणी बोलावलेलं नसतं.

काठावरच्या काही अडचणी शहरातल्या लेखांत सापडायच्या नाहीत. न उघडलेलं पेन किंवा कुपी फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते, आणि बाहेर काढल्यावरही ठरावीक आठवडेच, 30 अंशांच्या आत. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 43 पर्यंत जातो. वस्तीवर लाईट गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. पुण्याहून मोटारसायकलच्या डिकीत आलेल्या सुईत औषध किती उरलं, हे वरून बघून कळत नाही. दुसरं, उन्हाचं. भूक मेली की तहानही कमी लागते, त्यात उलट्या-जुलाब, आणि त्यात केळीच्या बागेत दुपारची काढणी. अंगातलं पाणी आटलं की ताण मूत्रपिंडावर येतो. ही औषधं घेणाऱ्या शेतकऱ्याला डॉक्टरांनी सगळ्यात आधी पाण्याबद्दल विचारायला हवं.

तिसरं, कुपी आणि इन्सुलिनची सिरिंज. पेनात मात्रा ठरलेली असते, कुपीतून ती स्वतः ओढावी लागते. अमेरिकेत 2024 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की कुपीतून सेमाग्लुटाइड घेताना काहींनी ठरल्यापेक्षा पाचपासून वीसपट मात्रा टोचून घेतली. स्वस्त कुप्या गावात येतील तेव्हा ही चूक इथेही होऊ शकते. बनावट मालही आहेच. जून 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर सावध केलं होतं.

सगळ्यात जास्त काळजी मला लग्न ठरायच्या मुलींची वाटते. बघायला पाहुणे यायचे म्हणून चार किलो उतरवायचे, हा दबाव आजही घराघरांत आहे, आणि तो मुलगी स्वतः आणत नाही. सेमाग्लुटाइड गर्भ राहण्याच्या किमान दोन महिने आधी बंद करायचं असतं. टिर्झेपाटाइड सुरू करताना आणि मात्रा वाढवताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा महिनाभर कमी होतो. लग्नाआधी सुई घेणाऱ्या मुलीला हे सांगितलं जाईल? तिच्या सासरी ते ठाऊक असेल? आणि कमी खाऊन कमी मांसाच्या झालेल्या आईच्या पोटी जे बाळ वाढेल, ते याज्ञिकांच्या अभ्यासातल्या हाडकुळ्या, चरबी जपणाऱ्या बाळांपेक्षा वेगळं असेल असं मानायला मला आधार दिसत नाही.

मग ही औषधं कुणाला? बीएमआय 30 च्या वर असेल, किंवा 27 च्या वर असून रक्तदाब, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्यासारखा त्रास असेल, अशांना. आणि तेही प्रयत्न करून थकल्यावर, थायरॉइडच्या विशिष्ट कॅन्सरचा घराण्यातला इतिहास, स्वादुपिंडाची सूज, पित्ताचे खडे यांची चौकशी झाल्यावर. अशा माणसाला ‘तोंड आवर’ म्हणून परत पाठवणं हाही अन्याय आहे. गुडघे गेलेल्या, शंभर किलोंच्या बाईला चालायला सांगून काय होणार? तिच्यासाठी ही सुई सरकारी दवाखान्यात मिळायला हवी, असं माझं मत आहे. 2022 पासून दोनतीन वर्षं जगभर सेमाग्लुटाइडचा तुटवडा पडला होता, आणि वजनासाठी घेणाऱ्यांच्या गर्दीत खरे मधुमेही रिकाम्या हाताने परत जात होते. आपल्याकडे देशी माल आल्यावर तशी रांग लागू नये, एवढी सरकारने आताच काळजी घ्यावी.

बाकीच्यांसाठी, म्हणजे काठावरच्या बहुसंख्य माणसांसाठी, वजनाच्या काट्याहून शिंप्याची टेप बरी. तिशीच्या वरच्या माणसांसाठी आशाताई जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात कमरेच्या मापाचा रकाना आहे. बाईचं माप 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषाचं 90 च्या आत असावं, ही त्यातली पहिली पायरी. माप त्यावर गेलं तर आधी साखर, रक्तदाब आणि यकृत तपासून घ्यायचं. ताटात मांस वाढवणारं अन्न वाढवायचं, आणि ते इथेच पिकतं-मिळतं: हुलग्याचं माडगं, मटकी, शेंगा, दूध, आणि माळ नसेल त्याला उजनीची चिलापी. चहातली साखर आधी निम्मी करायची. आणि चालण्याच्या जोडीला काहीतरी जड उचलायचं. पाण्याची घागर, खताची अर्धी गोणी, जे असेल ते. आठवड्यातून तीनदा, दम लागेपर्यंत. ज्या अंगमेहनतीच्या कामातून धरणाने आपल्याला सोडवलं, त्यातलं थोडं जाणूनबुजून परत घ्यायचं. मग सहा महिन्यांनी आशाताईंकडून कमरेचं माप पुन्हा घ्यायचं, त्याच रकान्याशेजारी लिहायला लावायचं, आणि ते दोन आकडे घेऊन डॉक्टरांकडे जायचं.